जिंकलेल्या मुलुखाचा कारभार : पुणे, १८१७ ते १८२६

शत्रूचा मुलूख सैन्याच्या हाती पडला आहे, पण लढाई अजून चालू आहे आणि तह झालेला नाही, अशा मधल्या काळात त्या मुलुखाचा कारभार जिंकणाऱ्या सैन्यालाच पाहावा लागतो. जुने सरकार निघून गेलेले असते आणि नवे अजून बसलेले नसते. शेतसारा कोणाच्या कचेरीत भरायचा, चोर सापडला तर कोणापुढे उभा करायचा, जुन्या सनदा चालतील की नाही, देवळांच्या नेमणुकांचे काय, हे प्रश्न मात्र थांबत नाहीत. आज या अवस्थेसाठी आंतरराष्ट्रीय कायदा आहे. दोनशे वर्षांपूर्वी तो नव्हता. तेव्हा असा कारभार कसा उभा राहिला, याचे महाराष्ट्रातले सर्वांत सविस्तर उदाहरण म्हणजे पेशवाई बुडतानाचे पुणे.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशवे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांची लढाई झाली. मुळा-मुठेच्या संगमावरची ब्रिटिश रेसिडेन्सी त्याच दिवशी जळाली. आठवडाभरात जनरल लायोनेल स्मिथ आपले सैन्य घेऊन परतला, येरवड्यापाशी पुन्हा चकमक झाली आणि दुसरे बाजीराव पेशवे साताऱ्याच्या दिशेने निघून गेले. १७ नोव्हेंबरला शहर कंपनीच्या ताब्यात आले. शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला. तो चढवणाऱ्या, कंपनीला सामील झालेल्या बाळाजीपंत नातूंचे नाव पुण्याने नंतर कधीच आदराने घेतले नाही.

त्या दिवशी शहर लुटले गेले नाही, ही लष्करी दृष्टीने साधी गोष्ट नव्हती. रेसिडेन्सीच्या राखेकडे पाहणाऱ्या फौजेला सूड हवा होता आणि पेठांमधल्या सावकारांच्या वाड्यांत माल होता. शिस्तीसाठी पहारे बसवले गेले. पण युद्ध संपले नव्हते, ते पुढे साडेसहा महिने चालले. कोरेगाव, सातारा, अष्टी, सिंहगड, पुरंदर, रायगड अशा टप्प्यांनी ते सरकत गेले. २० फेब्रुवारी १८१८ रोजी अष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले. बाजीराव मात्र ३ जून १८१८ पर्यंत मोकळे होते. त्या दिवशी ते सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले आणि वर्षाला आठ लाख रुपयांच्या नेमणुकीवर बिठूरला गेले. म्हणजे पुण्यात नवा अंमल बसत होता आणि ज्यांचे राज्य होते ते पेशवे घोड्यावर स्वार होऊन मुलुखात फिरत होते. पुढच्या सगळ्या निर्णयांमागे ही परिस्थिती होती.

हा कारभार ज्याच्या हाती आला तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८११ पासून पुण्याच्या दरबारात रेसिडेंट होता. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांनी डिसेंबर १८१७ मध्ये त्याला पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखाचा एकमेव कमिशनर नेमले. हे पद मुंबई सरकारच्या हाताखाली नव्हते. मुलकी, न्यायिक आणि राजकीय असे सर्व अधिकार एका माणसाच्या हाती होते आणि तो उत्तरदायी होता थेट कलकत्त्याला. तिथून पत्राचे उत्तर यायला आठवडे लागत. म्हणून दख्खनमध्ये काय करायचे हे प्रत्यक्षात पुण्यातच ठरत होते.

एल्फिन्स्टनच्या कारभाराचा पाया ११ फेब्रुवारी १८१८ च्या साताऱ्याच्या जाहीरनाम्यात दिसतो. आदल्या दिवशी साताऱ्याचा किल्ला कंपनीने घेतला होता. किल्ल्यावर आधी इंग्रजांचे निशाण लागले, मग ते उतरवून भगवा झेंडा लावण्यात आला. छत्रपतींच्या घराण्यासाठी एक छोटे राज्य राखून ठेवले जाईल आणि बाकीचा मुलूख कंपनीकडे राहील, असे जाहीरनाम्याने सांगितले. पेशवाई संपल्याची घोषणा त्यातच होती. ज्या गादीच्या नावाने पेशवे राज्य करत होते तीच गादी इंग्रजांनी आपल्या बाजूला वळवली. छत्रपती प्रतापसिंह त्या वेळी बाजीरावांच्या छावणीतच होते. ते अष्टीच्या लढाईत इंग्रजांच्या हाती आले आणि एप्रिलमध्ये साताऱ्यास गादीवर बसवले गेले. मराठा सरदारांना आणि शिपायांना पेशव्यांपासून तोडण्याचा याहून परिणामकारक उपाय नव्हता.

जाहीरनाम्याचा बाकीचा भाग सामान्य माणसाशी बोलतो. वतने, इनामे, वर्षासने, देवस्थाने आणि धर्मादाय यांना धक्का लागणार नाही. सर्व पंथांच्या रूढी न्यायाला धरून असतील तोवर चालतील. मक्त्याने वसूल करण्याची पद्धत बंद होईल. नेमलेले अधिकारी बेताचा सारा घेतील, आणि काळ कठीण आहे हे पाहून सूट देतील. इथपर्यंत आश्वासन होते, पुढे धमकी सुरू होते. बाजीरावांना किंवा त्यांच्या माणसांना कोणी सारा दिला तर तो हिशेबात धरला जाणार नाही. वतनदारांनी दोन महिन्यांच्या आत पेशव्यांचे निशाण सोडून गावी परतावे. जे परतणार नाहीत त्यांची नावे जमीनदारांनी कळवावीत. त्यांची वतने जातील आणि त्यांचा शेवटपर्यंत पाठलाग होईल. जो मुलूख उद्ध्वस्त करील किंवा वाटा मारील त्याला सापडेल तिथे ठार केले जाईल.

हा मजकूर नीट वाचला की कळते, हा जाहीरनामा कारभाराची घोषणा आहे तितकाच युद्धाचाही भाग आहे. मराठा फौजेतला शिलेदार आणि बारगीर हा बहुधा कुठल्या ना कुठल्या गावचा वतनदार होता. रणांगणावर त्याला हरवण्यापेक्षा त्याला घरी बोलावणे स्वस्त पडणार होते. बाजीरावांची फौज पुढच्या तीन-चार महिन्यांत पांगली, ती काही अंशी पराभवामुळे आणि काही अंशी या दोन महिन्यांच्या मुदतीमुळे. एखाद्याला आपल्या धन्याशी इमान राखायचे असेल, तर त्याची किंमत त्याच्या मुलाबाळांच्या वतनाने मोजायची होती. या अटीतला कठोरपणा त्या काळच्या इंग्रज लेखकांना फारसा जाणवलेला दिसत नाही. तो ज्यांच्या वाट्याला आला त्यांची बाजू कागदावर क्वचितच आली आहे.

मुलुखाची विभागणी नद्या आणि डोंगर पाहून झाली. नीरा आणि भीमा यांच्या मधला पुण्याचा प्रदेश कॅप्टन हेन्री डंडास रॉबर्टसनकडे गेला. भीमेपासून चांदवडच्या डोंगरापर्यंतचा अहमदनगरचा भाग कॅप्टन हेन्री पॉटिंजरकडे आणि खानदेश कॅप्टन जॉन ब्रिग्जकडे. साताऱ्याला कॅप्टन जेम्स ग्रँट गेला. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ तो हाच. दक्षिणेकडे धारवाडच्या बाजूला, थॉमस मन्रोने जिंकलेल्या भागात, मद्रासचा मुलकी अधिकारी विल्यम चॅप्लिन होता. पाचपैकी चार जण सैन्यातले कॅप्टन होते. कायद्याचे शिक्षण त्यांच्यापैकी कोणाचेही नव्हते. या प्रत्येकाच्या हाती सारावसुली, फौजदारी आणि दिवाणी न्याय, पोलीस आणि सरदारांशी बोलणी ही सगळी कामे एकत्र होती. देहान्ताच्या शिक्षेला मात्र कमिशनरची मंजुरी लागे. पुणेकरांच्या दृष्टीने कालपर्यंत सुभेदार, न्यायाधीश, कोतवाल आणि हुजूरफड यांच्यात वाटलेली सत्ता आता एका परक्या कॅप्टनच्या खोलीत येऊन बसली होती.

या अधिकाऱ्यांना एल्फिन्स्टनने दिलेल्या सूचनांचे सार एका ओळीत मावते. मक्ते बंद करा, प्रत्यक्ष लागवडीवर सारा घ्या, आकार हलका ठेवा, नवा कर लावू नका, उघड अन्याय्य नसेल तर जुना कर काढू नका, आणि नवे काही काढण्याच्या भरीस पडू नका. बंगालमध्ये १७९३ नंतर कॉर्नवॉलिसच्या नियमांनी कोर्टे आणि कायमधारा आणला होता. त्या साच्यात दख्खन बसवायला एल्फिन्स्टनचा ठाम विरोध होता. गावगाडा चालतो आहे तर पाटील-कुलकर्ण्यांना त्यांच्या जागी राहू द्यावे, तालुक्यावर पगारी मामलेदार बसवावेत आणि तंटे पंचायतीने तोडावेत, असे त्याचे धोरण होते. २५ ऑक्टोबर १८१९ रोजी त्याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखाविषयी गव्हर्नर जनरलना दिलेला अहवाल याच धोरणाचे सविस्तर समर्थन आहे. मराठी राज्यात गाव, वतन, पंचायत, चौकीदारी कशी चालत होती याचे इतके बारकाईचे समकालीन वर्णन दुसरे क्वचितच सापडते, म्हणून इतिहासाचे अभ्यासक आजही तो अहवाल उघडतात.

या संयमाला सदिच्छेइतकेच हिशेबाचेही कारण होते. मुलूख प्रचंड, फौज थोडी आणि ती अजून लढाईत गुंतलेली. गावोगाव शिपाई ठेवणे शक्य नव्हते. जुनी यंत्रणा चालू राहिली तरच सारा येणार होता आणि शांतता राहणार होती. सारा ज्या माणसांनी काल पेशव्यांसाठी गोळा केला त्यांनीच तो आज कंपनीसाठी करायचा होता. जिंकलेल्या मुलुखाच्या कारभारात हा अनुभव जगभर येतो. वरची माणसे बदलतात आणि खालची कचेरी तीच राहते, कारण कुळांची नावे, शेतांच्या सीमा आणि थकबाकीचे आकडे फक्त तिलाच ठाऊक असतात.

मक्ता बंद होणे हा रयतेला मिळालेला खरा दिलासा होता. बाजीरावांच्या अखेरच्या वर्षांत परगणे लिलावाने दिले जात. जास्त रक्कम बोलणारा मक्तेदार ती शेतकऱ्याकडून काढी. आपला मक्ता पुढच्या वर्षी राहील याची त्यालाच खात्री नसल्याने जमिनीची काळजी घेण्याचे त्याला कारण नव्हते. युद्धाने पोळलेल्या गावांना आता सूट मिळाली आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत धान्याचे भावही बरे होते. पुढे भाव कोसळले. सारा रोख भरायचा असल्याने तोच हलका म्हटलेला आकार जड होऊ लागला. पेशव्यांचे सरकार, दरबार आणि फौज जो पैसा मुलुखात खर्च करत होते तो खर्च थांबला होता आणि वसुलाचा मोठा भाग बाहेर जाऊ लागला होता. १८२० च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केलेल्या मोजणीने तर आकारणी इतकी चढी ठरवली की ती वसूल होईना आणि पुणे जिल्ह्यातली कितीतरी शेते पडीक राहिली.

न्यायाच्या बाबतीत पंचायत टिकवण्याचा एल्फिन्स्टनचा आग्रह मनापासून होता. पंचायत वेळ लावते, पंच गोळा होत नाहीत, हे दोष त्याने स्वतः नोंदवले आहेत. तरीही लोकांना तिचा निकाल आपला वाटतो, हे त्याने ओळखले होते. पण पंचायतीमागे पूर्वी जे बळ होते ते गावच्या आणि जातीच्या शब्दाचे होते, आणि शेवटी सरकारातल्या कोणा मोठ्या माणसाच्या भिडेचे. आता तो मोठा माणूस कलेक्टर होता. पंचायत नेमणार तो, निकाल अमलात आणणार तो, आणि पटला नाही तर फिरवणारही तोच. पंचायतीचे रूप राहिले, पण तिचे वजन हळूहळू कचेरीकडे सरकले. पुढे मुन्सफांची कोर्टे आली तेव्हा पंचायतीकडे जाणारे थोडेच उरले होते.

पुण्यातल्या ब्राह्मण वर्गाला सांभाळणे हा एल्फिन्स्टनच्या काळजीचा विषय होता. पेशव्यांकडून मिळणाऱ्या दक्षिणेवर आणि वर्षासनांवर शेकडो घरे चालत होती. ती एकदम बंद झाली तर असंतोषाला शिकलेले पुढारी मिळतील, हे त्याला दिसत होते. पर्वतीसारख्या देवस्थानांच्या नेमणुका चालू राहिल्या. दक्षिणेचा खर्च खूप कमी झाला, तरी वर्षाला ५०,००० रुपये त्यासाठी राखले गेले. त्याच पैशांतून ऑक्टोबर १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तोवर एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला होता आणि पुण्यात कमिशनर म्हणून चॅप्लिन होता. पाठशाळेचे पुढे पूना कॉलेज आणि मग डेक्कन कॉलेज झाले. जिंकलेल्या शहराला शांत ठेवण्यासाठी राखलेल्या पैशातून शहराची आधुनिक विद्या उभी राहिली, हे पुण्याच्या इतिहासातले एक महत्त्वाचे वळण आहे आणि त्याची आठवण जितकी ठेवायला हवी तितकी ठेवली जात नाही.

सरदारांची व्यवस्था वेगळी झाली. पटवर्धनांशी आणि इतर जहागीरदारांशी एकेकाचे स्वतंत्र करार झाले. दर्जाप्रमाणे सरदारांच्या याद्या बनल्या, त्यांना साध्या कोर्टांच्या कक्षेबाहेर ठेवले आणि त्यांच्यासाठी पुण्यात एक एजंट बसला. कोणाचे इनाम खरे, कोणाचे खोटे हे ठरवायला पेशव्यांचे दप्तर लागणार होते. ते गोळा करून लावण्याचे काम कॅप्टन मॅक्लिऑडकडे आले. आज पेशवे दप्तर म्हणून अभ्यासक कागदांच्या ज्या रुमालांवर अवलंबून असतात ते टिकले यामागे वसुलाची गरज होती. ज्यांनी पूर्वजांची सनद जपून ठेवली होती त्यांना या दप्तराने तारले. १८५२ च्या कायद्याखाली इनाम कमिशन बसले, तेव्हा त्याच दप्तराच्या आधाराने कितीतरी इनामे गेली. १८१८ च्या जाहीरनाम्यातल्या आश्वासनाला तेव्हा ३४ वर्षे झाली होती.

या सगळ्या सौम्य व्यवस्थेच्या मागे तोफ होती. याच सुरुवातीच्या काळात पुणे आणि सातारा येथील युरोपियनांना मारून, कैदी सोडवून, किल्ले ताब्यात घेण्याचा एक कट उघडकीस आला. कटाच्या म्होरक्यांना एल्फिन्स्टनने तोफेच्या तोंडी दिले. त्यांत ब्राह्मणही होते. ब्राह्मणाला सहसा देहान्त शिक्षा न देणाऱ्या राज्यात वाढलेल्या शहरावर याचा काय परिणाम झाला असेल, याची कल्पना करता येते. मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनी एल्फिन्स्टनला सुचवले की, या कृत्याबद्दल कायद्याने संरक्षण मागून घ्यावे. त्याने नकार दिला. आपण चूक केली असेल तर शिक्षा व्हावी, आणि बरोबर केले असेल तर संरक्षणाची गरज नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या चरित्रकारांनी हे उत्तर बाणेदार म्हणून गौरवले आहे. पण ते दुसऱ्या बाजूनेही वाचायला हवे. पुण्यात त्या वेळी असे कोर्टच नव्हते जिथे त्या माणसांच्या नातलगांना दाद मागता आली असती. चूक की बरोबर, हे ठरवणारे सगळे लोक एकाच बाजूचे होते.

दाद मागण्याचा एक प्रयत्न मात्र झाला आणि तो थेट लंडनपर्यंत गेला. जिंकलेल्या मुलुखात राहणाऱ्या माणसाचे हक्क काय, या प्रश्नावर तो खटला आजही उल्लेखला जातो. पेशव्यांच्या खजिन्याचे काम पाहिलेले नारो गोविंद औटी रायगडाच्या वेढ्याच्या वेळी गडावर होते. मे १८१८ मध्ये रायगड शरण आला आणि शरणागतीच्या अटींत लोकांना आपली खासगी मालमत्ता नेण्याची मुभा होती. औटी पुण्यात आले. जुलै महिन्यात रॉबर्टसनने त्यांना अटकेत ठेवले आणि त्यांच्याकडचे सोने-नाणे जप्त केले. हा पेशव्यांचा खजिना आहे, असे सरकारचे म्हणणे होते. तो आपला खासगी आहे, असे औटींचे. बाजीराव शरण येऊन तेव्हा महिना उलटला होता. पुणे आठ महिने शांत होते आणि एल्फिन्स्टनने नेमलेल्या अधिकाऱ्यांची न्यायकचेरी शहरात रोज भरत होती.

औटींच्या मागे त्यांच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांनी, बद्रीचंद आणि इतरांनी, एल्फिन्स्टन आणि रॉबर्टसन यांच्याविरुद्ध मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला. हे कोर्ट १८२४ मध्ये सुरू झाले होते. एल्फिन्स्टन तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता, तरी कोर्टाने निकाल त्याच्याविरुद्ध दिला. शहरात शांतता आणि न्यायकचेऱ्या असताना एका अधिकाऱ्याने खासगी माणसाची मालमत्ता उचलली, तर तो साधा अन्याय आहे आणि त्याची भरपाई द्यावी लागेल, असा त्याचा अर्थ होता. अपील प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेले आणि १८३० मध्ये निकाल उलटला. लॉर्ड टेंटरडेन यांनी दिलेला निर्णय थोडक्यात असा : ही जप्ती ऐन लढाईत झाली नसली तरी लढाई पूर्णपणे थांबलेलीही नव्हती. काळ, जागा आणि माणूस पाहता ही शत्रूच्या मालाची जप्ती होती आणि अशा कृत्याची चौकशी करण्याचा साध्या दिवाणी कोर्टाला अधिकारच नाही.

या निकालाचा अर्थ पुण्यातल्या माणसाच्या जागी उभे राहून पाहावा. सारा भरताना तो कंपनीचा रयत होता. चोरी केली तर कंपनीच्या कलेक्टरकडून त्याला शिक्षा होत होती. पण त्याचे घर उघडून सोने नेले गेले, की तो शत्रू ठरत होता आणि त्याला कोर्ट नव्हते. लष्करी ताब्यातल्या प्रदेशाचे सगळे दुखणे या एका खटल्यात आहे. युद्ध कधी संपले हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे, त्याच्याकडेच बाकीचे सगळे अधिकार जातात. दख्खनच्या लुटीचे वाटप हा तर स्वतंत्र वाद होता. हेस्टिंग्जची मुख्य फौज आणि दख्खनची फौज यांच्यात तो इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षे चालला. बाजीरावांकडचा प्रसिद्ध नाशिकचा हिरा याच मार्गाने लंडनच्या जवाहिऱ्यांकडे पोहोचला.

नव्या अंमलात सर्वांत जास्त हाल झाले ते ज्यांच्याकडे सनद नव्हती त्यांचे. किल्ल्यांवरची शिबंदी कमी केली गेली, कित्येक किल्ल्यांच्या वाटा सुरुंगाने उडवल्या गेल्या. पुरंदरच्या परिसरातले रामोशी गडाच्या राखणीवर जगत होते, त्यांचा आधार गेला. खानदेशात भिल्लांचे तेच झाले. तिथे १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभारली. पुण्याजवळ भिवडीच्या रामोशी उमाजी नाईकांनी बंड केले आणि ते कित्येक वर्षे चालले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी खडकमाळ आळीतल्या मामलेदार कचेरीत त्यांना फाशी दिले गेले. गावगाडा आहे तसा ठेवण्याच्या धोरणात गावाच्या वेशीबाहेरची आणि गडावरची माणसे बसली नव्हती.

शहरही बदलले. दरबार गेला तसे शालू-शेले विणणारे, जरीकाम करणारे, शस्त्रे घडवणारे, कलावंत, पागेतले लोक यांचे गिऱ्हाईक गेले. पैसा आणि गजबज हळूहळू पूर्वेकडे, छावणीच्या बाजाराकडे गेली. पेठांच्या बाहेर पुणे लष्कर आणि खडकी अशा दोन छावण्या वसल्या आणि त्या आजही आहेत. शनिवारवाड्यात काही काळ कलेक्टर रॉबर्टसन राहत होता. नंतर त्याचा उपयोग तुरुंग, दवाखाना आणि वेड्यांचे इस्पितळ म्हणून झाला. १८२८ च्या फेब्रुवारीतल्या आगीत वाड्याच्या लाकडी इमारती जळून गेल्या.

कमिशनरची ही खास राजवट १८२६ मध्ये संपली. १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेने मुंबई इलाख्याचे कायदे एकत्र आले आणि दख्खन इतर जिल्ह्यांसारखा नियमांखाली आला. साताऱ्याचा कारभार प्रतापसिंहांकडे १८२२ मध्येच सोपवला गेला होता. १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करण्यात आले आणि १८४८ मध्ये ते राज्यही खालसा झाले.

जे नियम १८१८ मध्ये एका माणसाच्या विवेकावर सोडले होते ते पुढे कागदावर आले. १९०७ च्या हेग नियमांनी सांगितले की, ताबा घेणाऱ्या सैन्याने सुव्यवस्था राखावी आणि अगदीच अशक्य नसेल तर तिथले चालू कायदे पाळावेत. कर घ्यायचे तर जुन्याच पद्धतीने घ्यावेत आणि कारभारासाठी खर्च करावेत. खासगी मालमत्ता जप्त करू नये, लूट करू नये, एकाच्या कृत्याची शिक्षा सगळ्या गावाला देऊ नये. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने नागरिकांचे संरक्षण आणखी वाढवले. त्यामागचे मूलतत्त्व असे आहे की ताबा म्हणजे मालकी नव्हे. जुने सरकार लढत असेपर्यंत त्याचा मुलूख आपला झाला असे जेत्याला जाहीर करता येत नाही. साताऱ्याच्या जाहीरनाम्याने पेशवाई संपल्याचे सांगितले तेव्हा बाजीराव आणखी चार महिने लढणार होते. आजच्या कसोटीवर तो जाहीरनामा कायदे आणि धर्म राखण्यात उतरतो, वतने जप्त करण्यात आणि राज्य संपल्याचे जाहीर करण्यात उतरत नाही. औटींची जप्तीही टिकली नसती.

स्वतंत्र भारतात मराठी मुलुखाने आणि शेजारच्या गोव्याने लष्करी प्रशासन एकेकदा पाहिले आणि दोन्ही वेळा मोहिमेची सूत्रे पुण्यात मुख्यालय असलेल्या सदर्न कमांडकडे होती. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानात फौजा गेल्या आणि मराठवाड्यासह सारे संस्थान मेजर जनरल जे. एन. चौधुरी यांच्या लष्करी राजवटीखाली आले. ती १९४९ च्या अखेरपर्यंत चालली. त्याच काळात, १९४९ मध्ये, जहागिऱ्या रद्द झाल्या. हा बदल कमीत कमी ढवळाढवळीच्या धोरणात बसणारा नव्हता, पण शेतकऱ्यांना तो हवाच होता. फौजा येण्याआधी रझाकार या संस्थानातल्या सशस्त्र संघटनेने गावोगाव छळ मांडला होता. फौजा आल्यानंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या भागांत मुसलमानांच्या मोठ्या हत्या झाल्या. सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. लष्करी प्रशासनाचे पहिले काम प्रत्येकाच्या जिवाचे रक्षण हे असते, आणि तिथे ते पुरे पडले नाही.

गोव्याच्या वेळी, डिसेंबर १९६१ मध्ये, तेच चौधुरी सदर्न कमांडचे प्रमुख होते. १९ डिसेंबरला पोर्तुगीज गव्हर्नर जनरल शरण आला आणि मेजर जनरल के. पी. कँडेथ गोव्याचे लष्करी गव्हर्नर झाले. जून १९६२ मध्ये मुलकी लेफ्टनंट गव्हर्नर आले. बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण आणि दीव भारताचा भाग झाले. तिचा अंमल २० डिसेंबर १९६१ पासून धरला गेला. १९६२ च्या प्रशासन कायद्याने तिथले आधीचे कायदे बदल होईपर्यंत चालू ठेवले आणि म्हणून वारसा व विवाहाच्या बाबतीत पोर्तुगीज दिवाणी संहिता गोव्यात आजही लागू आहे.

ताबा नेमका कधी संपला, हा प्रश्न गोव्याच्या बाबतीतही कोर्टात गेला. पोर्तुगीज नागरिकत्व निवडलेल्या एका धर्मगुरूने परवान्याशिवाय भारतात राहण्याबद्दल झालेल्या शिक्षेविरुद्ध दाद मागितली. गोवा हा लष्करी ताब्यातला प्रदेश आहे, म्हणून जिनिव्हा कराराचे संरक्षण आपल्याला लागू आहे, असे त्याचे म्हणणे होते. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या निकालपत्रात ताबा आणि सामिलीकरण यांतला फरक तपासला. गोव्यातला लष्करी ताबा थोडाच काळ होता, खरे सामिलीकरण होताच तो संपला आणि त्याबरोबर त्या कराराचे संरक्षणही संपले, असा न्यायालयाने निर्णय दिला. धर्मगुरूचे अपील फेटाळले गेले. पण या वेळी कोर्टाने ऐकण्याचा अधिकार नाही असे म्हटले नाही. युद्ध आणि ताबा कधी संपला, हे ठरवणे हे आपलेच काम आहे असे धरून त्याने निकाल दिला.